कीटकाच्या पोटातून पेशीच्या आत

हिवतापाच्या परजीवीला माणसाच्या तांबड्या पेशीत शिरायला जेमतेम अर्धे-एक मिनिट लागते. आधी तो पेशीच्या अंगावर आपटतो, तिचा पातळ पडदा त्याच्याभोवती हेलकावतो, मग तो अंग वळवून आपले निमुळते टोक पेशीला टेकवतो आणि तिथून आत सरकू लागतो. सूक्ष्मदर्शकावर घेतलेल्या चित्रफितींत एवढे दिसते. खरी करामत त्यात दिसत नाही. ज्या खुंट्याला धरून स्वतःला आत ओढायचे, तो खुंटा पेशीकडे नसतोच. परजीवी तो बरोबर घेऊन येतो. आपलेच एक प्रथिन तो पेशीच्या पडद्यात रोवतो, दुसऱ्या प्रथिनाने ते घट्ट पकडतो आणि ॲक्टिन-मायोसिनच्या जोरावर आत जातो. आपले स्नायू आकुंचन पावतात ते याच जातीच्या प्रथिनांमुळे. तो आत गेला की पेशीचा पडदा मागे मिटतो. आता तो एका पुटिकेत सुरक्षित असतो आणि रक्तात फिरणारी प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. फॅल्सिपेरम जातीचा परजीवी असेल तर सुमारे ४८ तासांनी पेशी फुटते, सोळा ते बत्तीस नवे परजीवी बाहेर पडतात आणि प्रत्येक जण पुढची पेशी शोधू लागतो.

अशा जीवांची ओळख मराठीत करून द्यावी म्हणून हा लेखसंग्रह तयार केला. त्यांच्या आयुष्याचा एक भाग कीटकाच्या शरीरात जातो आणि दुसरा सस्तन प्राण्याच्या पेशीच्या आत. हिवतापाचा प्लास्मोडियम, काळ्या आजाराचा लिश्मानिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या शागास रोगाचा ट्रिपॅनोसोमा क्रूझी हे तिघे या संग्रहाचे मुख्य विषय आहेत. शिवाय त्यांचे काही नातेवाईक आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, या जीवांच्या आयुष्याचे हे दोन भाग वेगळे काढून अभ्यास केला की तो फसतो. कीटकतज्ज्ञाने कीटक पाहिला, डॉक्टरने रोगी पाहिला, पेशीशास्त्रज्ञाने पेशी पाहिली आणि परजीवी या तिघांच्या मधून निसटून गेला, असे या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडले आहे. एकेका निसटण्याची किंमत कधी चाळीस वर्षे होती, तर कधी लाखो माणसे.

पेशीत राहण्याचा फायदा उघड आहे. प्रतिपिंडांपासून संरक्षण मिळते आणि अन्न जागच्या जागी मिळते. पण या राहणीची किंमतही जबर आहे. पेशी कधीतरी संपते, तेव्हा बाहेर पडून पुन्हा नव्या पेशीत शिरावे लागते. पेशीला स्वतःची रक्षणव्यवस्था असते, तिला चुकवावे लागते. आणि एवढे सगळे साधल्यावरही रोगी मरण्याआधी किंवा बरा होण्याआधी कुणा डासाने, माशीने किंवा ढेकणाने रक्त पिऊन आपल्याला उचलावे लागते. उचलल्यावर जग पालटते. सदतीस अंशांच्या उबेतून पंचवीस-सव्वीस अंशांच्या गारव्यात यावे लागते, ऑक्सिजनचे प्रमाण बदलते, आम्लता बदलते आणि कीटकाच्या आतड्यातले पाचक रस सामोरे येतात. एकाच जनुकसंचाच्या बळावर हा जीव दोन्ही जगांत जगतो आणि प्रत्येक वेळी अंगाची ठेवण बदलतो. शिकून आलेल्या विद्यार्थ्यांनाही प्लास्मोडियमची वेगवेगळी रूपे पाहून ही एकाच जीवाची आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही.

नवख्या वाचकाने एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. हे परजीवी एका कुळातले नाहीत. प्लास्मोडियम, बॅबेसिया आणि थायलेरिया हे एपिकॉम्प्लेक्सा कुळातले. त्यांच्या टोकाशी पेशीत शिरण्याची साधने असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पोटात एका प्राचीन लाल शैवालाचा अवशेष असतो. हिरवा रंग आणि प्रकाशसंश्लेषण कधीच गेले, पण तो अवशेष आजही जीवनावश्यक रसायने बनवतो. लिश्मानिया आणि ट्रिपॅनोसोमा यांचे कूळ निराळे. त्यांना शेपटीसारखा कशाभ असतो आणि एकमेव मोठ्या तंतुकणिकेत डीएनएच्या कड्यांचे दाट जाळे असते. उत्क्रांतीच्या वृक्षावर ही दोन कुळे एकमेकांपासून फार दूर आहेत. म्हणजे कीटकाच्या वाटेने येऊन सस्तन प्राण्याच्या पेशीत राहण्याची विद्या निसर्गात एकदाच नव्हे, तर स्वतंत्रपणे अनेकदा साधली गेली. म्हणूनच त्यांच्या पद्धतींची तुलना फार काही शिकवते.

थायलेरिया पसरवणारी गोचीड हा कीटक नव्हे. तिला आठ पाय असतात आणि ती कोळ्याच्या नात्यातली. तरीही थायलेरियावरचा लेख आम्ही आग्रहाने घेतला, कारण संकरित गाय गोचीड तापाने दगावणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकाला सांगावे लागत नाही. शिवाय या परजीवीचे वर्तन विलक्षण आहे. तो गुरांच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, त्यांना कर्करोगाच्या पेशींसारखे अनिर्बंध विभागायला लावतो आणि पेशी दुभंगताना तिच्या विभाजन-तर्कूला चिकटून दोन्ही कन्यापेशींत आपली वाटणी करून घेतो. औषधाने परजीवी मारला की पेशीचे वेडे विभाजन थांबते. संधिपाद प्राणी एकपेशीय परजीवी पसरवतात हा पहिला भक्कम पुरावाही गोचिडीकडूनच आला. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेतल्या गुरांच्या टेक्सास तापावर तो मांडला होता.

या विषयाचा इतिहास सहसा रोनाल्ड रॉसपासून सांगतात. आम्हाला तो अल्फाँस लाव्हेरानपासून सांगावासा वाटतो. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन इथल्या लष्करी रुग्णालयात या फ्रेंच डॉक्टरने एका तापकरी सैनिकाच्या ताज्या रक्तात वळवळणारे तंतू पाहिले. रंगवलेल्या, मेलेल्या नमुन्यांत ते कुणाला दिसणे शक्य नव्हते. पुढे कॅमिलो गोल्जी यांनी दाखवले की, तापाची दर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसाची पाळी आणि परजीवींच्या पिढ्यांनी पेशी एकदम फोडणे यांचे वेळापत्रक एकच आहे. हुडहुडी भरते ती पेशी फुटतात तेव्हा. वैद्यकाला हजारो वर्षे माहीत असलेले लक्षण पहिल्यांदाच एका पेशीच्या घटनेशी जोडले गेले.

रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यायलेल्या अ‍ॅनॉफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीत रंगद्रव्याचे काळे कण असलेल्या गोल पेशी पाहिल्या. हा कण हिवतापाच्या परजीवीची खूण आहे. हिमोग्लोबिन पचवताना उरणारे विषारी हीम परजीवी अशा कणात, स्फटिकाच्या रूपाने बंद करून ठेवतो. क्लोरोक्विन याच स्फटिकीकरणात अडथळा आणते. पुढच्या वर्षी कलकत्त्यात प्लेगच्या लसीच्या धास्तीने लोक बोटाला सुई लावू देईनात, तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले आणि परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो हे त्यांनी सिद्ध केले. माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र त्याच सुमारास इटलीत ग्रास्सी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी पूर्ण केले. श्रेयावरून रॉस आणि ग्रास्सी यांच्यात झालेले भांडण प्रसिद्ध आहे. त्यावर आम्ही पाने खर्च केलेली नाहीत.

ज्यावर पाने खर्च करावीत ती गोष्ट त्यानंतर घडली. डास चावतो तेव्हा त्वचेत सोडलेले परजीवी थेट तांबड्या पेशीत शिरतात, आपण ते डोळ्यांनी पाहिले, असे फ्रिट्झ शाउडिन या नामांकित जर्मन शास्त्रज्ञाने १९०३ साली जाहीर केले. तसे काही घडत नाही. पण शब्द मोठ्या माणसाचा होता आणि पाठ्यपुस्तकांनी तो चार दशके जपला. इकडे डॉक्टरांना न सुटणारे कोडे पडले होते. डास चावल्यावर आठवडाभर रक्तात काहीच सापडत नाही, क्विनीन घेऊनही ताप टळत नाही आणि बरा झालेला रुग्ण महिन्यांनी पुन्हा थंडीने कुडकुडतो, हे कसे? दुसऱ्या महायुद्धात नील हॅमिल्टन फेअर्ली यांनी ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत हे कोरडे दिवस काटेकोरपणे मोजले गेले. चावल्यानंतर अर्धा तासभर रक्त दुसऱ्याला दिले तर संसर्ग होतो, मग कित्येक दिवस होत नाही, नंतर पुन्हा होऊ लागतो. परजीवी कुठेतरी दडलेला होता. १९४८ साली शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी माकडाच्या यकृतात तो शोधला. आज आपल्याला माहीत आहे की, डासाने सोडलेल्या मूठभर परजीवींपैकी एकच यकृताच्या पेशीत तगला तरी आठवडाभरात त्यातून हजारो परजीवी रक्तात उतरतात. व्हायवॅक्स जातीचे काही परजीवी तर यकृतात निद्रिस्त राहतात. त्यांचे हे निद्रारूप क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले. ताप उतरल्यानंतरही चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यायला सांगतात ते या निद्रिस्तांसाठी. गोळ्या मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला कुणी हे कधी समजावून सांगितलेले नसते.

काळ्या आजाराची कथा आम्हाला याहून शिकवणारी वाटते. विल्यम लीशमन यांनी १९०० साली इंग्लंडमध्ये, डमडमहून आजारी परतून मेलेल्या एका सैनिकाच्या पाणथरीत बारीक अंडाकृती कण पाहिले आणि ते १९०३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते सापडले. रॉस यांनी दोघांची नावे जोडून परजीवीला लिश्मानिया डोनोव्हानी असे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी लिओनार्ड रॉजर्स यांनी पाणथरीतले रक्त बावीस अंशांच्या आसपास ठेवले, तेव्हा अंडाकृती कणांचे लांब, कशाभधारी, पोहणारे जीव झाले. उष्ण रक्तात एक रूप आणि गारव्यात दुसरे, म्हणजे मध्ये एखादा कीटक असलाच पाहिजे. पण कोणता? संशय ढेकणावर गेला आणि वर्षानुवर्षे ढेकूणच तपासले गेले.

वाळूमाशीकडे लक्ष वळले ते नकाशामुळे. काळा आजार जिथे आहे तिथे फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही माशी आहे, हे सिंटन यांनी दाखवले. १९२४ साली कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी रुग्णाचे रक्त पाजलेल्या माश्यांच्या आतड्यात परजीवी वाढताना पाहिले. आता चाव्यातून रोग होतो एवढेच दाखवायचे राहिले होते. त्याला आणखी अठरा वर्षे लागली. माशी दोन-तीन मिलिमीटरची, नाजूक. प्रयोगशाळेत ती एकदा रक्त प्यायची, अंडी घालायची आणि बहुधा मरून जायची. जगलीच तर दुसरा चावा निरुपद्रवी ठरायचा. १९४०च्या सुमारास स्मिथ, हलदर आणि अहमद यांनी रक्त पाजल्यानंतर माश्यांना मनुके चोखायला दिले. मोकळ्या रानात वाळूमाशी वनस्पतींचे रस पिते. प्रयोगशाळेत तिला हा आहार कुणी दिलाच नव्हता. मनुक्यांवर जगलेल्या माश्यांच्या घशापर्यंत परजीवींची दाटी झाली. १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशाच माश्यांच्या चाव्यातून स्वयंसेवकांना काळा आजार होतो हे सिद्ध केले. हे शॉर्ट म्हणजे पुढे यकृतातला परजीवी शोधणारेच. परजीवी सापडल्यापासून वाहक सिद्ध होईपर्यंत चाळीस वर्षे गेली आणि अखेरची अडचण सुटली ती माशीच्या जेवणाकडे कुणी नीट पाहिले तेव्हा. कीटकाला निव्वळ वाहन समजू नये, यासाठी याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही.

मधल्या काळात कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी तुटपुंज्या साधनांवर युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे औषध बनवले आणि असंख्य प्राण वाचवले. बरे झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुढे चट्टे आणि गाठी उठतात व त्यांत परजीवी असतात, हेही त्यांनीच १९२२ साली नोंदवले. या नोंदीचे महत्त्व पुढे येईल.

शागास रोगाचा शोध उलट्या क्रमाने लागला. १९०७ साली कार्लोस शागास ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात रेल्वेच्या कामावरील मजुरांतला हिवताप आवरायला गेले होते. तिथे त्यांना मातीच्या घरांच्या फटींत राहणारा, रात्री झोपलेल्यांच्या तोंडाला चावणारा मोठा ढेकूण दाखवण्यात आला. त्यांनी आधी ढेकणात परजीवी पाहिला, मग प्रयोगातल्या प्राण्यांत आणि शेवटी १९०९च्या एप्रिलमध्ये लासांस गावातल्या एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात. कीटकापासून रोगाकडे गेलेला असा शोध विरळाच. ती मुलगी सत्तरी ओलांडेपर्यंत जगली आणि म्हातारपणीही तिच्या शरीरात परजीवी होता. हा रोग असाच वागतो. पहिला ताप ओसरतो, दोन-तीन दशके शांततेत जातात, मग बाधितांपैकी शंभरातल्या सुमारे तीस जणांचे हृदय कमकुवत होते. हा परजीवी ढेकणाच्या लाळेतून येत नाही. ढेकूण रक्त पिता पिता तिथेच विष्ठा टाकतो आणि खाजवताना ती जखमेत किंवा डोळ्यात जाते.

१९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम परजीवी बशीतल्या तांबड्या पेशींत अखंड वाढवून दाखवला आणि विषयाचा कणाच सरकला. वस्ती, गोठा आणि डबके यांत रमलेली जुनी परंपरा मागे पडली आणि पेशीशास्त्रज्ञांचा संप्रदाय पुढे आला. त्यांचा प्रश्न साधा होता. हा आत कसा शिरतो? त्याला मिळालेली तीन उत्तरे या संग्रहाच्या मध्यभागी आहेत. पहिले सुरुवातीला सांगितले. तांबडी पेशी काहीच गिळत नाही, म्हणून प्लास्मोडियमला स्वतःच्या बळावर शिरावे लागते. दुसरे लिश्मानियाचे. तो जोर करतच नाही. शत्रूला गिळून पचवणे हे ज्यांचे काम, त्या मॅक्रोफेज पेशींकडून तो स्वतःला गिळवून घेतो. जिथे जंतू विरघळतात त्या आम्लधर्मी कोठडीतच तो रूप बदलतो आणि तिथल्या आम्लतेला सरावतो, इतका की तीच त्याला मानवते.

तिसरे उत्तर आम्हाला सर्वांत चकित करते. क्रूझी परजीवी पेशीच्या पडद्याला बारीक इजा करतो. फटीतून कॅल्शियम आत येते. पेशी ही जखम समजते आणि बुजवण्यासाठी आपल्या लयकारिका पृष्ठाकडे पाठवते. परजीवी त्या दुरुस्तीच्या लाटेबरोबर आत जातो. नॉर्मा अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून हा धागा उलगडला. परजीवीला पेशीत शिरण्याचा दुसराही मार्ग आहे. पण महत्त्वाचे हे की, पेशी आपला फाटलेला पडदा कसा शिवते, हे निरोगी जीवशास्त्रातले ज्ञान एका परजीवीचा माग काढताना वाढले. शिरल्यावर तो पुटिका फोडून पेशीद्रवात मोकळा होतो आणि तिथेच वाढतो. केंद्रक असलेली जवळजवळ कोणतीही पेशी त्याला चालते. हृदयाचा स्नायूही.

तिसरा संप्रदाय रोगप्रतिकारशास्त्राचा. रूथ नुसेन्झ्वाइग यांनी १९६७ साली दाखवले की, किरणोत्साराने दुबळे केलेले डासातले परजीवी टोचले तर उंदरांना हिवतापापासून संरक्षण मिळते. त्या परजीवीच्या अंगावरचे प्रथिन पुढे ओळखले गेले आणि आजच्या दोन्ही लसी त्याच प्रथिनावर उभ्या आहेत. पण या संप्रदायाची एक सवय आम्हाला खटकते. उंदराला परजीवी सुईने टोचायचा आणि त्यावरून चाव्याबद्दल निष्कर्ष काढायचा. वाळूमाशी चावते तेव्हा परजीवीबरोबर तिची लाळ, तिच्या आतड्यातले जंतू आणि परजीवीनेच स्रवलेला चिकट पदार्थ असे सगळे त्वचेत जाते. या पदार्थाने माशीचा घसा तुंबतो आणि म्हणून तिला तो ओकावा लागतो. चाव्याच्या जागी पांढऱ्या पेशी झुंडीने धावतात आणि परजीवी आधी त्यांच्यातच शिरतो. सुईने दिलेल्या संसर्गाला रोखणारी लिश्मानियाची एक प्रायोगिक लस माशीच्या चाव्यापुढे निष्प्रभ ठरली, तेव्हा हा फरक ढळढळीतपणे समोर आला. मनुक्यांचा धडा पुन्हा गिरवावा लागला.

जनुकक्रमांचे युग २००२ साली फॅल्सिपेरम आणि अ‍ॅनॉफिलीस गॅम्बिये यांच्यापासून सुरू झाले. २००५ साली लिश्मानिया आणि ट्रिपॅनोसोमा यांचे क्रम आले. त्यावरचा लेख मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे, कारण यादीपेक्षा समज मोलाची.

पेशीबाहेर राहणाऱ्या एका भावंडालाही आम्ही जागा दिली आहे, ती महाराष्ट्रामुळे. ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खानला घोडे आणि उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा पाहिला. तो गुराढोरांचा परजीवी आहे, माणसाचा नाही, अशी पक्की समजूत होती. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात तोच परजीवी पोहताना दिसला. जगातली ही पहिली पक्की नोंद. पुढच्या तपासात कळले की, माणसाच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा फोडणारे एक प्रथिन असते आणि या माणसाच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड असल्याने ते त्याच्याकडे नव्हतेच. त्याच्यावर उपचार यशस्वी झाले. आपण रोज गोठ्यात वावरतो आणि सर्रा आपल्याला होत नाही, याचे कारण विदर्भातल्या एका रक्तनमुन्याने जगापुढे ठळकपणे मांडले. उघड्या रक्तात टिकणे इतके अवघड असेल, तर क्रूझी आणि लिश्मानिया यांनी पेशीचा आसरा का घेतला असेल, यावर विचार करायला इथून सुरुवात करता येते.

पेशीच्या बाजूचा दुसरा धागाही आपल्या परिचयाचा आहे. सिकलसेलचे एक जनुक असलेल्या माणसाला गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासावरून मांडले. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक समाजांत हे जनुक आढळते. परजीवी पेशीत राहतो, म्हणून पेशीचा जराही बदललेला घाट त्याला अडवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड होत जाते. दोन जनुके एकत्र आलेल्या मुलांना मात्र त्याचे मोल आयुष्यभराच्या वेदनांनी चुकवावे लागते. व्हायवॅक्सची गोष्ट अशीच. तांबड्या पेशीवर डफी प्रथिन नसेल तर त्याला शिरणे कठीण होते, हे लुई मिलर यांनी १९७०च्या दशकात दाखवले. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या पेशींवर ते नाही. आपल्याकडे जवळजवळ सर्वांच्या पेशींवर आहे.

हे सगळे आताच का वाचावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी रुग्ण झाले आणि सहा लाखांच्या आसपास माणसे दगावली, त्यात बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. ज्या आर्टेमिसिनिनसाठी तू योयो यांना २०१५ साली नोबेल मिळाले, त्याला दाद न देणारे परजीवी आधी कंबोडियात आणि आता पूर्व आफ्रिकेतही आहेत. दुसरीकडे हिवतापाची आर२१ ही लस ऑक्सफर्डमध्ये घडली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि तिला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. ती नेमकी यकृतात जाणाऱ्या परजीवीला अडवते. शाउडिनचे म्हणणे खरे मानून बसलो असतो तर या लसीची कल्पनाही सुचली नसती.

अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास मुंबईकरांच्या ओळखीचा. बेंटली यांनी १९११च्या अहवालात तो शहरातल्या विहिरींत वाढतो हे दाखवले, आणि विहिरी बुजवण्याच्या हुकमांवरून धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. आज तो गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. २०१२ साली तो जिबूतीत दिसला, मग इथिओपियात. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा होता. स्वच्छ पाण्याच्या टाकीत वाढणारा हा शहरी डास तिथे रुळला, तर कोट्यवधी शहरी लोक नव्याने धोक्यात येतील. एक शतक या डासाशी झगडलेल्या मुंबई-गोव्याच्या पालिका कर्मचाऱ्यांकडे याबाबत आफ्रिकेला देण्यासारखे बरेच काही आहे. गडचिरोलीतली परिस्थिती अगदी वेगळी आहे. तिथे जंगल, डोंगरझरे, घराबाहेर झोपण्याची सवय आणि फॅल्सिपेरम हे सगळे एकत्र येते. मुंबईचा उपाय तिथे चालत नाही, कारण डास वेगळा आहे.

काळा आजार महाराष्ट्रात ठाण मांडून नाही. वाळूमाशीचे नाव आपल्याकडे ऐकू येते ते नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून नाव मिळालेल्या चांदीपुरा विषाणूमुळे. पण काळ्या आजाराच्या निर्मूलनात भारत आज ज्या टप्प्यावर आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. १९५०च्या दशकात हिवतापासाठी डीडीटी फवारले, तेव्हा वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळपास नाहीसा झाला. कुणी त्याच्यासाठी वेगळे काही केले नव्हते, म्हणून तो गेल्याचीही फारशी दखल घेतली गेली नाही. फवारणी ढिली पडली आणि १९७०च्या दशकात बिहारमध्ये त्याने पुन्हा मोठी साथ पसरवली. आता लिपोसोमल अँफोटेरिसिनच्या एका मात्रेने रुग्ण बरा होतो. बांगलादेशाने २०२३ साली निर्मूलनाची मान्यता मिळवली, असे करणारा तो पहिला देश. भारतातली रुग्णसंख्याही फार खाली आली आहे. पण ब्रह्मचारींनी नोंदवलेले त्वचेवर चट्टे असलेले रुग्ण चालते-फिरते आहेत. त्यांना ताप नाही, वेदना नाही, म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत आणि त्यांना चावलेल्या माशीला परजीवी मिळतो. रुग्ण मोजणारी यंत्रणा याच वेळी आवरती घेतली, तर १९७०चे दशक पुन्हा येईल असे आमचे स्पष्ट मत आहे.

या संग्रहात उपचारांचे सल्ले नाहीत, आणि आफ्रिकेतला निद्रारोग व हत्तीरोग वगळले आहेत. त्यांचे परजीवी पेशीत शिरत नाहीत आणि त्यांना न्याय द्यायला वेगळे पुस्तक लागेल. जीवचक्रांच्या गोल आकृत्याही आम्ही टाळल्या. त्या आकृत्यांत डास आणि माणूस बाणांनी जोडलेले दोन चौकोन होतात, प्रत्येक बाणात किती परजीवी मरतात आणि किती थोडे पोचतात हे कधीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक लेखात परजीवीचा प्रवास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, त्याला तिथे काय आड येते हे सांगत नेला आहे. बारावीपर्यंतचे जीवशास्त्र पुरेसे आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जास्त तपशील आहे तो स्वतंत्र चौकटींत दिला आहे, चौकट सोडून वाचले तरी अर्थ तुटत नाही.

वाचकांत एक गट असा आहे की, ज्याच्यासाठी आम्ही हे काम विशेष आस्थेने केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले प्रयोगशाळा तंत्रज्ञ, हिवतापाचे बहुउद्देशीय कर्मचारी, आशा सेविका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांतले सहायक हे हजारो काचपट्ट्या रंगवतात, बोटातून रक्त घेतात, गाईच्या कानाच्या शिरेतून थेंब काढतात. त्यांना मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकांत ‘काय करावे’ असते, ‘का’ नसते. जाड थेंबात परजीवी दिसला तर तो कोणत्या जातीचा हे ठरवायला पातळ पसरणी लागते, कारण जाड थेंबात तांबड्या पेशी विरघळून जातात आणि पेशीचा आकार, तिच्यावरचे ठिपके, तिची फुगवट या खुणाच नाहीशा होतात. फॅल्सिपेरमची वाढलेली रूपे बोटाच्या रक्तात सहसा का दिसत नाहीत? त्याने पेशीच्या पृष्ठावर गाठी उगवून तिला मेंदूच्या, वारेच्या सूक्ष्म वाहिन्यांना चिकटवलेले असते, पाणथरीत जाऊन गाळले जाणे टळावे म्हणून. त्यामुळे पट्टीवर थोडे परजीवी दिसले म्हणून रुग्ण सुखरूप आहे असे मानता येत नाही. तंत्रज्ञाला हे माहीत असेल तर तो अहवालावर संख्या लिहून थांबणार नाही, डॉक्टरला हाक मारील. त्या हाकेपर्यंत पोचवणारे जेवढे जीवशास्त्र आहे तेवढे सगळे, काही न गाळता, या लेखांत आणण्याचा प्रयत्न केला आहे.